उचलणं, वळवणं, बसवणं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पक्षाघात, मणक्याची दुखापत, स्नायूंचे आजार यांनी हालचाल गेलेल्या माणसाची घरी काळजी घेताना येणाऱ्या अडचणी आम्ही मागवल्या होत्या. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: सामान आणलं, माणूस ठेवला, तरी काहीतरी बिघडतंच. निवडक पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि रिहॅब नर्स यांनी मिळून दिली आहेत. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

प्रश्न: माझा धाकटा दीर (वय २७) बांधकामावरून पडला. डी१२ (छातीच्या शेवटच्या) मणक्याला मार लागला, ऑपरेशन झालं. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. तीन महिने झाले. एअर बेड घेतलाय, त्यावर हवेची रिंग ठेवतो, कामाच्या मावशी रोज स्पिरिटने चोळून पावडर लावतात. तरी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आलाय. दर दोन तासांनी कूस बदला म्हणतात, पण रात्रभर कोण उठणार? (एक वहिनी, धायरी)

उत्तर: वहिनी, आधी तो डाग बोटाने तीन-चार सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त अजून फिरतंय. तसाच लाल राहिला, तर ती बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी आहे. वरची कातडी अखंड दिसत असली तरी आतल्या भागाला इजा झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या भागाशी ताडून पाहायचं: जागा जास्त गरम किंवा गार लागते का, टणक किंवा भुसभुशीत वाटते का.

डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर भार नको. थोडाही नको. म्हणजे पाठीवर झोपणं बंद, आणि डावी कूस, उजवी कूस एवढंच. पण पूर्ण आडवं कुशीवर करू नका, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे नवा डाग पडतो. साधारण ३० अंशांचा कल पुरतो. एक लांब उशी खांद्यापासून कमरेच्या वरपर्यंत पाठीमागे लावा, माकडहाडाची जागा मोकळी राहिली पाहिजे. दुसरी उशी गुडघ्यांच्या मध्ये. तिसरी पोटऱ्यांखाली, अशी की टाचा अधांतरी राहतील आणि टाचेखालून तळहात सहज जाईल. टाच विसरली जाते, आणि टाचेची जखम भरायला महिने घेते.

पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका. जास्त उचलली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि हाड आत सरकतं, त्या ओढीने आतल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. जेवायला बसवायचं तर फाउलर बेडचा (हँडलने वर-खाली होणाऱ्या पलंगाचा) गुडघ्यांकडचा हँडल आधी फिरवा, मग डोक्याकडचा. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा खाली.

आता मावशींच्या उपायांबद्दल. स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते. लाल जागा चोळली की आधीच दुखावलेल्या आतल्या पेशी फुटतात. पावडर घामात गोळे होऊन खडीसारखी टोचते. आणि ती रिंग आजच काढून टाका. रिंगेचा काठ चहूबाजूंनी दाबतो आणि मधल्या भागाचं रक्त अडवतो, म्हणजे ज्या जागेला वाचवायचं तीच उपाशी राहते. दुकानात अजूनही ती पहिल्या फळीवर का असते, हे आम्हाला कळत नाही.

एअर बेड चांगला आहे, पण तो कूस बदलण्याची जागा घेत नाही. तो बरोबर लागलाय का हे असं तपासा: दीर झोपलेला असताना गादीखाली, कमरेच्या बरोबर खाली, तळहात वर करून हात घाला. हात आणि शरीर यांच्यामध्ये किमान एक इंच हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे लावायचं, उगाच सगळ्यात कडक करून ठेवायचं नाही. बुडबुड्यांचा एअर बेड साध्या फोमच्या गादीवर अंथरायचा आणि त्यावर एकच पातळ सुती चादर. घरोघरी त्यावर सतरंजी, रबर शीट, दुहेरी अंडरपॅड आणि गोधडी असा थर असतो, मग गादीत भरलेली हवा शरीरापर्यंत पोचतच नाही. आणखी एक: पुण्यात देखभालीसाठी वीज बऱ्याचदा गुरुवारी जाते. पंप बंद झाल्यावर काही गाद्यांची हवा तासा-दोन तासांत उतरते. पंपाला ट्यूबलाइटपेक्षाही कमी वीज लागते, तेव्हा तो इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावा.

रात्रीचं जागरण. डाग असेपर्यंत दोन तासांना पर्याय नाही, घरातल्या दोघांनी रात्र वाटून घ्या. डाग गेल्यावर मात्र वेळ वाढवता येते: अडीच तास करून पाहा, सकाळी सगळ्या जागा तपासा, तीन-चार दिवस काही दिसलं नाही तर तीन तास, असं अर्ध्या-अर्ध्या तासाने. लाली दिसली की मागच्या वेळेवर परत. मणक्याच्या सर्जनने परवानगी दिली तर पालथं झोपवणं फार उपयोगी पडतं. माकडहाड पूर्ण मोकळं होतं आणि सतत बसून आखडणारे कमरेचे सांधेही ताणले जातात. सुरुवात १५-२० मिनिटांनी करा, छातीखाली पातळ उशी, पावलं गादीच्या कडेबाहेर.

खुर्चीत बसू लागला की धोका बसण्याच्या दोन हाडांवर सरकतो. दर २० ते ३० मिनिटांनी भार हलवायचा, आणि तो एक ते दोन मिनिटं हललेला ठेवायचा. हातांवर जोर देऊन पाच सेकंद उचललं, झालं, असं चालत नाही, तेवढ्यात रक्त परत येत नाही. पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवणं किंवा टेबलावर कोपरं ठेवून झुकणं जास्त चांगलं. मोबाइलला गजर लावून द्या, सत्तावीस वर्षांचा मुलगा वहिनीचं ऐकेल न ऐकेल, गजराचं ऐकतो. मागच्या खिशाची जीन्स, जाड शिवण, खिशातली नाणी नकोत. रोज सकाळ-संध्याकाळ आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन त्याला स्वतःलाच तपासायला शिकवा.

जखम भरायची तर प्रथिनं लागतात. वजन ६० किलो असेल तर दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम. दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, ५० ग्रॅम पनीर, पाव लिटर दूध आणि तीन-चार पोळ्या एवढ्याची बेरीज ७५च्या थोडी पुढे जाते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशोब डॉक्टरांना विचारूनच. कातडी उघडली, काळी पडली, वास आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न: नवऱ्याला मानेच्या मणक्याची (सी६) जुनी दुखापत आहे. कायमचा कॅथेटर (लघवीची नळी) आहे. परवा अचानक डोकं फुटेल इतकं दुखायला लागलं, तोंड लालबुंद, कपाळावर घाम, बीपी १६५. एरवी त्यांचं बीपी १००च्या आसपास असतं. जवळच्या डॉक्टरांनी टेन्शन म्हणून झोपेची गोळी दिली. तासाभराने युरोबॅगची (लघवीच्या पिशवीची) नळी मांडीखाली दुमडलेली दिसली, ती सरळ केल्यावर दहा मिनिटांत बरं वाटलं. हे काय होतं? (सातारा रोड)

उत्तर: याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. हा तातडीचा धोका आहे, टेन्शन नव्हे. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर असलेल्या माणसांना हा होतो. तुंबलेल्या मूत्राशयाचा संदेश मज्जारज्जूत पोचतो आणि खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदू ‘सोडा’ असा हुकूम पाठवतो, पण तो दुखापतीच्या खाली उतरत नाही. म्हणून बीपी चढत राहतं, आणि दुखापतीच्या वर चेहरा लाल, घाम, नाक चोंदणं, कधी नाडी मंद. नेहमीच्या बीपीपेक्षा वरचा आकडा २० ते ४०ने वाढला की हाच संशय घ्यायचा. तुमच्या यजमानांना १४०सुद्धा जास्त आहे, हे बाहेरच्या डॉक्टरांच्या लक्षात येत नाही, कारण इतरांना १४० म्हणजे विशेष काही नसतं.

पुन्हा झालं तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी ताठ बसवा आणि पाय खाली सोडा. झोपवायचं अजिबात नाही, आडवं केलं की डोक्यातला दाब आणखी वाढतो. मग पट्टा, पोटाचा बेल्ट, बूट, युरोबॅगचा मांडीवरचा पट्टा, जे जे आवळलेलं आहे ते सैल करा. त्यानंतर कॅथेटर शरीरापासून पिशवीपर्यंत हाताने चाचपत जा: दुमड, मांडीखाली दबलेली नळी, भरलेली पिशवी, पिशवी मूत्राशयाच्या वर टांगलेली. नळी सरळ असून लघवी येत नसेल तर आत गाळ अडकलाय. शिकवलं असेल तर १०-१५ मिली निर्जंतुक सलाइन, शरीराइतकं कोमट, अगदी हळू घालून पाहा. तरीही आली नाही तर कॅथेटर बदलावाच लागतो. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, दाब वाढून बीपी आणखी चढतं.

हे चालू असताना दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी मोजत राहा. वरचा आकडा १५० किंवा जास्त राहिला, तर डॉक्टरांनी यासाठी आधी लिहून दिलेलं औषध द्या आणि १०८ला फोन करा. असं औषध अजून लिहून घेतलेलं नसेल तर याच आठवड्यात घ्या. एक अवघड पण आवश्यक गोष्ट: लैंगिक ताठरतेची गोळी गेल्या एक-दोन दिवसांत घेतली असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण ती आणि नायट्रेट (बीपी उतरवायच्या औषधाचा एक प्रकार) एकत्र आले तर बीपी एकदम कोसळतं.

मूत्राशय मोकळं असूनही त्रास टिकला तर कारण बहुधा गुदाशयात असतं. लिग्नोकेन (बधिर करणारी) जेली लावून दोन-तीन मिनिटं थांबा, मग हलकेच तपासा. जेलीशिवाय बोट घातलं तर त्या उत्तेजनानेच झटका वाढतो. नंतर कातडी: आत वाढलेलं नख, भाजलेली जागा, चादरीची चुणी, खाली दबलेलं अंडकोष.

एका जाड कागदावर मराठी आणि इंग्रजीत आजाराचं नाव, नेहमीचं बीपी, दुखापतीची पातळी आणि वरचा क्रम लिहून, लॅमिनेट करून, व्हीलचेअरच्या मागच्या खिशात ठेवा. अपरिचित दवाखान्यात तोंडी समजावण्यापेक्षा तो कागद जास्त काम करतो.

प्रश्न: बहिणीला स्नायूंचा आजार आहे, आता चालणं जवळपास थांबलंय. व्हीलचेअर घ्यायची आहे. दुकानदार १८ इंचाची ‘स्टँडर्ड’ घ्या म्हणतो. आम्ही तळमजल्यावर राहतो, पण सोसायटीच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. (कोथरूड)

उत्तर: स्टँडर्ड माणूस नसतो, त्यामुळे स्टँडर्ड खुर्चीही नसते. बहिणीला कडक खुर्चीवर बसवा, टेप घ्या आणि हे मोजा. कमरेची सर्वांत रुंद जागा डावीकडून उजवीकडे आडवी मोजून त्यात एक इंच मिळवा, ती सीटची रुंदी. कमर १५ इंच असेल तर सीट १६ हवी. १८च्या सीटमध्ये ती एका बाजूला कलंडून बसेल, स्नायू दुबळे असलेल्या माणसाचा पाठीचा कणा तसाच वाकत जातो, शिवाय चाकं लांब पडून हातांना जोर लागत नाही. मग पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत मोजून त्यातून दोन इंच वजा, ती सीटची खोली. वजा केलं नाही तर सीटची कड पोटरीला घासते आणि ती टाळायला माणूस पुढे घसरून बसतो. गुडघ्याच्या खोबणीपासून टाचेपर्यंतच्या मापावर फूटरेस्ट, आणि फूटरेस्ट जमिनीपासून किमान दोन इंच वर. उशी दोन-तीन इंचांची असेल तर ती घालून मोजायचं, नाहीतर सगळी मापं चुकतात. स्वतः चाक फिरवू शकत असेल तर खुर्चीची पाठ खांद्याच्या पात्याखाली संपलेली बरी. धड सांभाळवत नसेल तर उंच पाठ आणि बाजूचे आधार लागतात, आणि अशा आजारात दोन वर्षांनंतरचा विचार आजच करावा.

खुर्चीची बाहेरची रुंदी सीटपेक्षा साधारण आठ इंच जास्त असते. १६ची सीट म्हणजे बाहेरून २४. आता दारं मोजा, पण चौकट मोजू नका. दार ९० अंशांत उघडून, उघडलेल्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोकळी जागा किती ते पाहा. बाथरूमचं दार बहुतेक घरांत इथेच नापास होतं. ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घेतलं की दोन-तीन इंच सुटतात. तरी नाही जमलं तर आत कमोड-खुर्ची वेगळी ठेवा, ती अंगाने बारीक असते. कमोडची उंची खुर्चीतल्या उशीच्या उंचीएवढी असली की सरकणं सोपं जातं. कमोड रेझर (कमोडची उंची वाढवणारी बैठक) आणताना हे पाहा. खुर्ची जागेवर वळायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. दिवाणखान्यातलं टीपॉय पहिलं जाईल.

पायऱ्या. प्रत्येकी सहा इंच धरल्या तर १८ इंचांची चढण. नियम १:१२ असा आहे, म्हणजे १८ फूट लांब रॅम्प. हा आकडा ऐकून सोसायटीच्या सभेत ‘जागा कुठे आहे?’ हा प्रश्न येणारच. उत्तर असं की रॅम्प सरळच असला पाहिजे असं नाही, मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा घेऊन तो भिंतीलगत वळवता येतो. गवंड्याने जागा वाचवायला सहा फुटांत उरकलेला रॅम्प आम्ही जिथे जिथे पाहिला, तिथे तो फक्त दुचाकी चढवायला वापरला जातो. रुंदी किमान चार फूट, दोन्ही कडांना दोन इंचांचा उंचवटा, पृष्ठभाग खरबरीत. पॉलिश ग्रॅनाइट पावसाळ्यात जीव घेईल. उतरताना खुर्ची उलटी न्यायची: मदतनीस खाली, खुर्चीची पाठ उताराकडे.

घेण्याआधी काही दिवस भाड्याने किंवा अनामतीवर वापरून पाहा. पुण्यात बरेच ट्रस्ट आणि मंडळं रुग्णोपयोगी साहित्य असं देतात. पण ती खुर्ची कायमची म्हणून ठेवून घेऊ नका, माप दुसऱ्या कुणाचं असतं. वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासूनचं आहे. कॅलिपर, स्प्लिंट, कृत्रिम पाय यांचं काम कसं मोजमापाने चालतं, हे समजून घ्यायला पुणेकरांना लांब जावं लागत नाही.

प्रश्न: सासूबाईंना पक्षाघात होऊन उजवी बाजू गेली. उजवा खांदा इतका दुखतो की हात लावू देत नाहीत. शेजारच्यांनी दाराला पुली लावून दिली आणि मुठीत दाबायला स्मायली बॉल आणला. त्यांना उठवताना माझी कंबरही गेली आहे. (पिंपळे सौदागर)

उत्तर: पुली काढा, चेंडू नातवाला द्या. खांद्याची खोबणी उथळ असते, हाड तिथे स्नायूंच्या जोरावर टिकतं. स्नायू ढिले पडले की हात आपल्याच वजनाने खाली लोंबतो. अशा वेळी पुलीने हात वर ओढला तर खांद्याचं पातं जागचं हलत नाही, दंडाचं हाड वरच्या हाडावर आपटतं आणि मधले स्नायू चेंगरतात. हात ९० अंशांच्या वर न्यायचा तर थेरपिस्टने एका हाताने पातं फिरवत न्यायचा. चेंडूचं असं, की पक्षाघातात मूठ आपोआप घट्ट होत जाते. अडचण बोटं उघडण्याची आहे, आणि चेंडू सराव देतो मिटण्याचा.

बसलेल्या असताना उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत मांडीवरच्या उशीवर किंवा खुर्चीच्या ट्रेवर ठेवा. उताण्या झोपल्या असताना पात्याखाली आणि पूर्ण हाताखाली पातळ उशी. उजव्या कुशीवर झोपवलं तर खांदा अंगाखाली दाबला जाऊ देऊ नका, पातं हळूच पुढे काढून घ्या. ब्लाउज किंवा गाऊन घालताना उजवा हात आधी, काढताना उजवा हात शेवटी. स्लिंग फक्त उभं करताना आणि चालवताना. दिवसभर अडकवली तर कोपर आखडतं. काखेत हात घालून उचलणं आजपासून बंद, खांदा तिथेच निसटतो.

मग उठवायचं कसं? खुर्ची त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांत लावा. ब्रेक लावा, फूटरेस्ट काढा. कमरेला रुंद सुती पट्टा बांधा, साडीची निरी धरून उचलू नका. त्यांना पलंगाच्या कडेपर्यंत पुढे सरकवा, पावलं जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या थोडी मागे. तुमचे दोन्ही गुडघे त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकवून तो अडवा. आता त्यांना पुढे वाकवा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत. इथे सगळे चुकतात. पडतील म्हणून आपण त्यांना छातीशी ताठ धरतो, आणि मग पूर्ण वजन आपल्या कंबरेवर येतं. पुढे वाकल्या की बूड आपोआप हलकं होतं. ‘एक, दोन, तीन’ म्हणून पट्टा पुढे ओढा, वर नाही. छोट्या पावलांनी वळा, बसवा. पायांवर अजिबात भार घेत नसतील तर एकट्याने हे करू नका. दोन माणसं किंवा हॉइस्ट (माणूस उचलायचं यंत्र).

पलंगावर वर सरकवायला जुनं सुती धोतर चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत खाली घाला, दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. डायपर बदलताना पलंग तुमच्या कमरेच्या उंचीला हवा. पलंगाचे पाय लाकडी ठोकळ्यांवर चढवून घ्यायला सुतार अर्धा दिवस घेतो. ठोकळ्यांना खोबण हवी, नाहीतर पाय निसटतो. मात्र त्या एवढ्या उंचीवरून पावलं जमिनीला टेकणार नाहीत, म्हणून उठवणंही त्याच पलंगावरून करायचं असेल तर उंची बदलणारा बेडच घ्यावा लागेल.

प्रश्न: वडिलांना मोटर न्यूरॉन आजार (स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होणं) आहे. पाणी पिताना ठसका लागतो म्हणून पाणी कमी केलंय. जेवण तासभर चालतं. (हडपसर)

उत्तर: पाणी कमी करू नका, घट्ट करा. गिळणं मंदावलेल्या माणसाला सगळ्यात अवघड पातळ पाणीच असतं, कारण श्वासनलिकेचं तोंड बंद व्हायच्या आत ते खाली पोचतं. थिकनर पावडर मिळते. किती घट्ट हवं ते स्पीच थेरपिस्ट तपासून सांगतील, आणि घरी रोज तेवढंच होतंय का हे सिरिंजने पाहता येतं. ० ते १० खुणांचं अंतर ६१.५ मिमी असलेली १० मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, टोक बोटाने बंद करून १० मिली भरा, बोट काढा आणि १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. १ ते ४ मिली उरलं तर अगदी किंचित घट्ट, ४ ते ८ उरलं तर थोडं घट्ट, ८च्या वर पण १०पेक्षा कमी उरलं तर मध्यम घट्ट.

नाचणीची आंबील किंवा तांदळाची पेज घट्ट असते म्हणून बरेच जण देतात. त्यात एक मेख आहे. पिठूळ घट्टपणा लाळेने मोडतो, म्हणून तोंडातला चमचा पुन्हा वाटीत बुडवला की वाटीतली आंबील दहा-पंधरा मिनिटांत पातळ होते. लहान वाटीत थोडी-थोडी घ्या.

दोन घनतांचे पदार्थ एकत्र नकोत: पातळ आमटीत सुटा भात, दुधात तरंगणारे पोळीचे तुकडे, संत्र्याची फोड. पातळ भाग आधी घशात उतरतो, तोंड घट्ट भागाशी झगडत असतं. पोहे, चुरमुरे, शेव, सुकी भाकरी बंद. मऊ भात घट्ट वरणात एकजीव कालवलेला, मेतकूट आणि तूप घातलेला, हा चालतो. ताठ बसवून अर्धा चमचा द्या, दोनदा गिळू द्या, टीव्ही बंद. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा. हनुवटी खाली करून गिळण्याची युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही, तपासणीशिवाय वापरू नका. ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. जेवल्यावर आवाज ओला, गुळगुळणारा आला तर अन्न श्वासनलिकेच्या तोंडाशी आहे. दात आणि जीभ दिवसातून दोनदा घासा, कारण तोंडातले जंतूच फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतात.

वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. जेवायला तास लागतोय आणि वजन उतरतंय, म्हणजे पोटातल्या नळीबद्दल, पेगबद्दल, बोलायची वेळ आली आहे. श्वासाची क्षमता निम्म्याच्या खाली जाण्याआधी ती बसवणं जास्त सुरक्षित असतं. त्यामुळे ‘अगदीच खाता येईना तेव्हा बघू’ हे धोरण या आजारात महाग पडतं. नळी बसली तरी चवीपुरतं तोंडाने देता येतं.

प्रश्न: सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेने लहानपणापासून हालचालीत येणारी अडचण) असलेल्या मुलीला (९) बॅक्लोफेन (आखडलेले स्नायू सैल करणारं औषध) चालू आहे. दिवसभर पेंगते. बंद करू का? (येरवडा)

उत्तर: एकदम कधीच नाही. अचानक थांबवलं तर आखडणं उसळतं, झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. डॉक्टर एक-दोन आठवड्यांत उतरवत आणतील किंवा वेळा बदलून पाहतील. सुट्टीला गावी जाताना आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या बरोबर असू द्या. आणि ताठरपणा अचानक वाढला तर डोस वाढवण्याआधी कारण शोधा: बद्धकोष्ठता, दुखणारा दात, लघवीचा संसर्ग, खुब्याचा सांधा. खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला, हे फाइलमध्ये पाहा.

प्रश्न: आमचा सेरेब्रल पाल्सीचा मुलगा पुढच्या वर्षी १८चा होतो. कागदपत्रांचं काय? (औंध)

उत्तर: १८ पूर्ण झाल्यावर कायद्याने तो सज्ञान ठरतो, आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. तो स्वतः निर्णय घेऊ आणि कळवू शकत असेल तर पालकत्वाची गरजच नाही. केवळ हात-पाय चालत नाहीत म्हणून ते घेऊ नका. गरज असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) अजून नसेल तर ते आधी. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे आणि सेरेब्रल पाल्सी त्यात बसते. मणक्याच्या दुखापतीवाले वाचक वारंवार विचारतात, त्यांना तो लागू नाही.

प्रश्न: नर्सिंग ब्यूरोतून येणारे मामा (रुग्णाचं करणारे मदतनीस) दर महिन्याला बदलतात. दर वेळी सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं. (सिंहगड रोड)

उत्तर: लिहून काढा आणि कपाटावर चिकटवा, पण वेळापत्रकाच्या आधी फोटो. रुग्ण बरोबर झोपलेला असताना, उशा जागच्या जागी असताना, डावी कूस, उजवी कूस आणि खुर्चीतली बैठक असे तीन फोटो छापून घ्या. मजकुरापेक्षा मामा फोटोशी ताडून पाहतात. खाली एक तक्ता: कूस किती वाजता बदलली, लघवी किती मिली, शौच, बीपी, कातडीवर काय दिसलं, सही. शेवटचा रकाना रिकामा ठेवू देऊ नका, काही नसेल तर ‘नाही’ लिहायला लावा. रिकाम्या रकान्यातून पाहिलं की नाही तेच कळत नाही. पहिल्या दिवशी उचलणं-वळवणं तुम्ही करून दाखवा, दुसऱ्यांदा त्यांना तुमच्यासमोर करू द्या, आणि तोपर्यंत रुग्णाला त्यांच्या एकट्याच्या हाती देऊ नका. रुग्णाला बोलता येत असेल तर सूचना त्यालाच देऊ द्या, शरीर त्याचं आहे आणि कुठली उशी टोचते हे त्यालाच ठाऊक असतं. जुन्या मामांच्या शेवटच्या दिवशी नव्या मामांना दोन तास आधी बोलवा, ब्यूरोला त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी.